पिस्तुलाची मूठ : निवड आणि बदल

पिस्तुलाचा जो भाग तळहातात बसतो, त्याला मूठ म्हणतात. पोलिसांच्या व सैन्याच्या पिस्तुलात ती कोणत्याही हाताला चालेल अशी, दोन्ही बाजूंनी सारखी असते. नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ एकाच हातासाठी घडवलेली असते. मूळची मूठ हाताला बसत नसेल, तर ती बदलतात किंवा तासून, भरून जुळवून घेतात.

महत्त्व. स्पर्धेत पिस्तूल एकाच हाताने, कशाचाही आधार न घेता धरावे लागते. 10 मीटर हवाई पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 11.5 मिमी असतो. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांत सुमारे 33 सेंमी अंतर धरले, तर माशी खाचेत 1 मिमी सरकताच छर्रा लक्ष्यावर सुमारे 3 सेंमी बाजूला जातो. हात हलल्याने होणारी चूक याच्या मानाने लहान असते. मनगट वळल्याने होणारी चूक मोठी. म्हणून हात दर वेळी त्याच जागी बसवणे, हे मुठीचे पहिले काम. हाताला आराम मिळतो तो याच अचूक बैठकीतून.

25 मीटर स्पोर्ट्स पिस्तूल प्रकारात हे सर्वांत स्पष्ट दिसते. त्याच्या जलद टप्प्यात हात खाली 45 अंशांवर ठेवून थांबायचे असते आणि खूण मिळताच 3 सेकंदांत हात उचलून गोळी झाडायची असते. त्या वेळात पकड सुधारायला वाव नसतो; हात वर येताना माशी खाचेत आपोआप यावी लागते. महाराष्ट्राचे नाव याच प्रकारात मोठे झाले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2013 मध्ये चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि 2018 मध्ये जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना सुवर्ण, तर अनिसा सय्यद यांना रौप्यपदक मिळाले.

रचना. मुठीच्या पाठीची वरची कमान अंगठा व तर्जनी यांमधल्या बेचकीत बसते. बेचकी जितकी वर, म्हणजे नळीच्या रेषेजवळ, तितके गोळी सुटल्यावर पिस्तुलाचे तोंड कमी उसळते. तळव्याच्या खोलगट भागात मुठीचा फुगवटा येतो. अंगठ्यासाठी वेगळी बैठक असते. खाली हाताच्या कडेला आधार देणारी पट्टी असते. स्क्रू सैल करून ती वरखाली सरकवता येते. पिस्तुलाचा भार मुख्यतः मधले बोट व अनामिका पेलतात. अंगठा आणि करंगळी यांनी जोर लावायचा नसतो.

माप. उत्पादक लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि उजव्या-डाव्या हातासाठी वेगळ्या मुठी देतात. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग घोड्यावर सहज टेकला पाहिजे आणि बोटाची बाजू मुठीला घासता कामा नये. घासली, तर घोडा सरळ मागे न येता पिस्तूल बाजूला ढकलले जाते. मूठ मोठी असेल तर बोट घोड्यापर्यंत पुरत नाही. लहान असेल तर बोटांची टोके अंगठ्याच्या बुडाशी रुततात. क्लबच्या सामाईक पिस्तुलावर शिकणाऱ्या मुलामुलींना मोठ्या मुठीची अडचण विशेष जाणवते. घोडा मागेपुढे सरकवता येत असेल, तर मूठ बदलण्याआधी तो जुळवून पाहावा.

चाचणी. रिकामे पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून डोळे मिटावेत, हात उचलावा, दोन श्वास थांबून डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ जुळली. ती दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल, तर मूठ आडवी थोडी वळवावी लागते. दर वेळी वर किंवा खाली दिसत असेल, तर तिचा कल बदलावा लागतो. काही पिस्तुलांत यासाठी स्क्रू असतात. एका वेळी एकच बदल करावा आणि काही दिवस सराव करून मगच पुढचा.

साहित्य व घडण. स्पर्धेच्या मुठी बहुधा अक्रोडाच्या किंवा थर चिकटवलेल्या लाकडाच्या असतात. खुरप्या-कुऱ्हाडीच्या दांड्याला चालणारी बाभूळ टणक व जड असते. अक्रोड त्या मानाने हलका, कोरायला सोपा आणि आकार टिकवणारा. जिथे लाकूड बोचते तिथे आधी खडूने खूण करून कानशीने थोडे थोडे घासतात. जिथे पोकळी राहते तिथे इपॉक्सी पुट्टी भरतात, ती ओली असतानाच हाताचा ठसा घेतात आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने साफ करतात. काढलेले लाकूड परत येत नाही, म्हणून सुरुवात भरण्यापासून करणे श्रेयस्कर. घामाने हात सरकू नये म्हणून पृष्ठभागावर बारीक खळगे पाडतात. गुळगुळीत वार्निश टाळतात. उन्हाळ्यात आणि लांबलेल्या सरावात हात किंचित फुगतो, तेव्हा खालची पट्टी कागद सरकेल इतकी सैल ठेवावी. दोन हातांनी धरायच्या पिस्तुलांना रबराच्या किंवा प्लास्टिकच्या मुठी सोयीच्या ठरतात. त्यांतल्या काहींच्या पाठीचे तुकडे बदलून माप कमीजास्त करता येते.

नियम. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार हवाई पिस्तूल मुठीसह 420 × 200 × 50 मिमीच्या पेटीत मावले पाहिजे आणि त्याचे वजन 1,500 ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. 25 मीटर पिस्तुलासाठी पेटी 300 × 150 × 50 मिमी आणि वजन 1,400 ग्रॅम अशी मर्यादा आहे. मूठ हाताच्या पलीकडे जाऊन मनगटाला आधार देणारी नसावी. मनगट मोकळे दिसले पाहिजे. खालचा आधार मुठीशी 90 अंशांपेक्षा कमी कोन करणारा, वर वळलेला किंवा हाताला वेढणारा चालत नाही. पुट्टीचा थर वाढला की 50 मिमीची मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून प्रत्येक बदलानंतर माप पुन्हा घ्यावे लागते.