तीन गोळ्यांचा पुरावा

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी गाईड मॅडमना एक ग्राफ दाखवायला गेले होते. आठ वेगवेगळ्या तापमानांना भट्टीत भाजलेली कॅटॅलिस्टची सॅम्पल्स, प्रत्येकाची तीन-तीन रीडिंग्ज, आणि त्यात ४५० अंशांचं सॅम्पल बाकीच्यांपेक्षा चांगलंच वर. मी खूश. पुढच्या सहा महिन्यांचं काम त्याच तापमानावर करायचं असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मॅडमनी ग्राफ बघितला आणि एवढंच विचारलं, "हे तुला सापडलं, की तू निवडलंस?"

खरं सांगायचं तर प्रश्नच कळला नाही. त्याचं उत्तर मला मिळालं ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही, तर रायफलच्या काडतुसांच्या इतिहासात. तिथे मी पोचले तीही आडवाटेने. एक नावडतं रीडिंग गाळायचं होतं, म्हणून 'ग्रब्ज टेस्ट' वाचत होते. वाचता वाचता कळलं की या ग्रब्ज महाशयांनी रायफल चालवणाऱ्यांसाठीही एक पुस्तिका लिहिली आहे. आज ती सगळी गोष्ट सांगते. पेट, नेट, सेट पास होऊन संशोधनाच्या दारात उभ्या असलेल्यांना ती पहिल्या प्रयोगाच्या आधी माहीत असावी असं मला वाटतं.

आधी थोडी ओळख. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी केस, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू म्हणजे पावडर, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. केस पुन्हा वापरता येते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काडतुसं घरी भरायची पद्धत रुळली. कनेक्टिकटमधल्या जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीची चिमट्यासारखी हत्यारं त्यासाठी प्रसिद्ध होती. सुरुवातीचं कारण पैसे वाचवणं. पण लांबच्या टार्गेटवर नेम धरणाऱ्यांना लवकरच दुसरं कारण सापडलं. कारखान्याच्या काडतुसांत थोडाफार फरक असतो, आपण हाताने भरलेली सगळी एकसारखी ठेवता येतात. आणि अंतर वाढलं की थोडाफार फरक थोडा राहत नाही. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तिथे गोळीच्या सुरुवातीच्या वेगात एक टक्का फरक पडला, तर ती साधारण वीतभर वर किंवा खाली लागते. आजच्या अमेरिकी १००० यार्डांच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ सुमारे ५१ सेंटीमीटर व्यासाचं असतं. म्हणजे वीतभर फरक परवडणारा नाही.

(आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं भरणं शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. इथे आपल्याला फक्त इतिहास बघायचा आहे.)

क्रीडमूर, १८७४

२६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर मैदानात आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना. आयरिश संघ त्याआधीच्या वर्षी विंबल्डनला एल्को शील्ड जिंकून आलेला. त्यांच्याकडे रिग्बीच्या रायफली, नळीच्या तोंडातून भरायच्या. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स, मागून भरायच्या. प्रत्येक संघात सहा जण, ८००, ९०० आणि १००० यार्ड अशी तीन अंतरं, प्रत्येक अंतरावर माणशी पंधरा गोळ्या, मध्यभागाला चार गुण.

शेवटचा अमेरिकन नेमबाज जॉन बोडाइन उभा राहिला तेव्हा आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्याचा हात कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून त्याने गोळी मारली, ती मध्यभागी लागली. ९३४ विरुद्ध ९३१.

मागून भरायची रायफल श्रेष्ठ, हे सिद्ध झालं असं मग बऱ्याच जणांनी मानलं. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. आयरिश संघातल्या मिल्नर यांची एक गोळी बरोबर मध्यभागी लागली, फक्त टार्गेट शेजारचं होतं. गुण शून्य. तिचे चार गुण मिळाले असते तर आयर्लंड एका गुणाने जिंकलं असतं. आणि मग याच रायफली, हीच दारू, याच गोळ्या असतानाही निष्कर्ष बरोबर उलटा निघाला असता!

इथे थांबून जरा संशोधकासारखा विचार करा. १०८० पैकी तीन गुणांचा फरक. त्यात रायफल वेगळी, दारू वेगळी, माणसं वेगळी, शिवाय एका माणसाची नजर चुकलेली. नक्की कशाचं श्रेय कशाला द्यायचं? पुढच्या वर्षी डब्लिनजवळ डॉलीमाउंटला पुन्हा सामना झाला आणि अमेरिका जास्त मोठ्या फरकाने जिंकली. त्यामुळे त्यांचा संघ चांगला होता हे पटतं. पण रायफल आणि माणूस अजूनही एकमेकांत गुंतलेलेच. प्रयोगाच्या भाषेत याला 'कन्फाउंडिंग' म्हणतात, आपण साध्या भाषेत सरमिसळ म्हणू.

माणूस वजा करणारा डॉक्टर

ही सरमिसळ सोडवायचा ध्यास घेतला मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड गावच्या एका डॉक्टरने. नाव फ्रँकलिन वेस्टन मॅन, जन्म १८५६. वैद्यकीची पदवी होती, पण पैसा मिळाला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं कापणाऱ्या यंत्रातून. तो पैसा आणि वेळ त्यांनी एकाच प्रश्नावर घातला: सगळं सारखं ठेवलं तरी दोन गोळ्या एकाच जागी का लागत नाहीत?

त्यांचं पहिलं काम म्हणजे माणूस काढून टाकणं. जमिनीत काँक्रीटचा भक्कम खांब उभारला, त्याला नाव दिलं 'शूटिंग जिब्राल्टर'. त्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच. रायफलीची नुसती नळी गोल कड्यांमध्ये बसवून त्या खाचेत ठेवायची. गोळी सुटली की नळी मागे सरकते, पुन्हा पुढे ढकलली की अगदी त्याच जागी येते. खांदा नाही, श्वास नाही, नजर नाही. तरीही टार्गेटवर भोकं पसरलेलीच! म्हणजे दोष निदान फक्त माणसाचा नव्हता.

पुढची पायरी तर प्रत्येक संशोधकाने शिकून घ्यावी अशी. चांगल्या गोळ्या आणखी चांगल्या करण्याऐवजी त्यांनी गोळ्या मुद्दाम बिघडवल्या. काहींचं टोक खराब केलं, काहींचं बूड. गोळीच्या वाटेत कागदाचे पडदे लावून ती कशी डुलत जाते याची नोंद ठेवली. आपल्याला सहज वाटेल की टोक बिघडलं तर गोळी भरकटेल. झालं उलटं. टोक बिघडलेल्या गोळ्यांचं फारसं बिनसलं नाही, बूड बिघडलेल्या मात्र लांब गेल्या.

यामागचं कारण असं. नळीतल्या आट्यांमुळे गोळी जोरात फिरत बाहेर पडते. तिचं वजन अक्षाभोवती समतोल नसेल, तर नळीत असेपर्यंत नळी तिला धरून ठेवते. तोंडाशी पकड सुटली की ती गोफणीतल्या दगडासारखी थोडी बाजूला फेकली जाते आणि पुढे आर वाकडी बसलेल्या भोवऱ्यासारखी डुलत जाते. बूड सगळ्यात शेवटी बाहेर येतं. तिथे एक कड जरी झिजलेली असली, तरी मागून येणाऱ्या वायूचा धक्का एका बाजूला जास्त बसतो. म्हणजे काडतूस भरताना गोळीचं टोक चकचकीत ठेवण्यापेक्षा तिचं बूड आणि समतोल जपणं जास्त मोलाचं.

१९०९ साली त्यांचं 'द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट' हे पुस्तक आलं. जे फसलं तेही त्यात आहे, आणि उरलेल्या, कारण न कळलेल्या चुकीला त्यांनी सरळ 'एक्स-एरर' म्हटलं आहे. मला हे नाव फार आवडतं. आपण ज्याला 'इन्स्ट्रुमेंटचा प्रॉब्लेम असेल' म्हणून सोडून देतो, त्याला त्यांनी नाव देऊन टेबलावर ठेवलं. आजही काडतुसांच्या चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा जाड, घट्ट बसवलेल्या नळीला 'मॅन बॅरल' म्हणतात.

सगळ्यात छोटा ग्रुप

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बेंचरेस्ट नावाचा खेळ वाढला. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची आणि गोळ्या एकमेकींच्या जितक्या जवळ लागतील तितकं चांगलं. खांब नसला तरी माणूस बराचसा बाजूला झाला. आता सगळा जोर काडतुसावर. दारूचं वजन, केसचं वजन, गोळी किती खोल बसवायची, प्रायमर कुठला, प्रत्येक गोष्ट बदलून बघायची. पद्धत साधारण अशी: दारूची दहा वेगवेगळी मापं घ्या, प्रत्येक मापाची तीन काडतुसं भरा, तीन-तीन गोळ्यांचा 'ग्रुप' मारा, सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. सगळ्यात छोटा ग्रुप देणारं माप जिंकलं.

ओळखीचं वाटतंय ना? माझी आठ तापमानं, तीन-तीन रीडिंग्ज.

आता येतात आपले ग्रब्ज. फ्रँक ग्रब्ज अमेरिकी लष्कराच्या अ‍ॅबरडीन इथल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत संख्याशास्त्रज्ञ होते. १९६४ सालच्या त्यांच्या पुस्तिकेत ग्रुप मोजायच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना आहे. त्यातून लक्षात येणारी गोष्ट साधी आहे. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायला सोपं, पण ते फक्त दोन गोळ्यांची साक्ष घेतं, बाकीच्या फुकट जातात. शिवाय गोळ्या वाढवल्या की हा आकडा आपोआप वाढतो.

हे मी लॅपटॉपवर करून बघितलं. एकच काडतूस, एकच रायफल, आडवं आणि उभं विखुरणं दोन्हीकडे १ सेंटीमीटर स्टँडर्ड डेव्हिएशनचं. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी २.४ सेंटीमीटर येतो, पाचांचा ३.१, दहांचा ३.८. काडतूस तेच! त्यामुळे कुणी 'माझा ग्रुप एवढासा' म्हणालं तर पहिला प्रश्न, किती गोळ्यांचा?

दुसरा प्रयोग जास्त बोचरा निघाला. दहा 'वेगवेगळी' मापं घेतली, पण प्रोग्राममध्ये ती दहाही तंतोतंत सारखी ठेवली. प्रत्येकाच्या तीन गोळ्या. तरी सर्वांत छोट्या आणि सर्वांत मोठ्या ग्रुपमध्ये साधारण तिपटीचा फरक पुन्हा पुन्हा दिसत राहिला. त्यातलं एक माप हमखास विजेता वाटतं, आणि ते निव्वळ नशिबाने पुढे आलेलं असतं. ते पुन्हा मारा, ते सरासरीवर येतं. मग काडतूस भरणारा म्हणतो, आज हवा वाईट होती, नाहीतर प्रायमरची बॅच बदलली. आपणही हेच म्हणतो, फक्त हवेऐवजी ह्युमिडिटी म्हणतो.

मॅडमचा प्रश्न मला तेव्हा कळला. मॅन यांना गोळीचं बूड *सापडलं* होतं: त्यांनी आधी कारण धरलं, ते मुद्दाम बिघडवलं आणि परिणाम होतो का ते बघितलं. मी मात्र आठ आकड्यांतला सर्वांत मोठा *निवडला* होता आणि त्याला शोध म्हणत होते.

मी ४००, ४५० आणि ५०० अंशांची सॅम्पल्स पुन्हा नव्याने बनवली, प्रत्येक तापमानाच्या सहा वेगळ्या बॅचेस. एकाच सॅम्पलची तीन रीडिंग्ज म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं. ४०० आणि ४५० मधला फरक विरघळून गेला. ५०० खरोखरच खाली होतं, ते टिकलं. कॉन्फरन्सला पाठवलेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट मी मागे घेतला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सहा महिने वाचले.

तेव्हापासून तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. किती वेळा करायचं ते निकाल बघायच्या आधी ठरवायचं. एकदा तरी तेच सॅम्पल 'वेगळं' समजून दोनदा मोजायचं, म्हणजे आपला गोंगाट केवढा आहे ते कळतं. आणि जिंकलेल्या सॅम्पलला पुन्हा, नव्याने बनवून, पळवायचं.

आणि हो, ते नावडतं रीडिंग. ग्रब्ज टेस्टने ते गाळायला परवानगी दिली नाही. ते अजून ग्राफवर आहे, बाकीच्यांपासून जरा लांब, मिल्नरच्या त्या गोळीसारखं.