जपून खेळणाऱ्याचा तोटा

दिवाळीत पांढरकवड्यात काय किंवा पुण्यात काय, कुठे ना कुठे तीन पत्तीचा डाव बसतोच. त्यात एखादा गडी असा असतो, की हाती निदान जोडी असल्याशिवाय तो पुढे जात नाही. लगेच पत्ते टाकतो. आपण त्याला शहाणा म्हणतो. पण तो खरेच शहाणा असतो का? पैशांऐवजी चिंचोके घेऊन हिशेब मांडून पाहू.

५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे निवडता येतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत जोडी, रंग, क्रम असे काहीच नसते. म्हणजे हा गडी चारांपैकी जवळजवळ तीन डाव सोडून देणार. आता दोघांनीच खेळायचे. प्रत्येकाने आधी एकेक चिंचोका मध्ये ठेवला. आपण पत्ते न पाहताच दर वेळी आणखी एक लावायचा. तीन डावांत तो पळतो, त्याचे तीन चिंचोके आपले. चौथ्यात तो टिकतो. तिथे आपण हरलोच असे धरले तरी दोनच जातात. नफा एक! पण एकाऐवजी दोन लावले, तर तीन मिळतात आणि तीनच जातात. जो पळणारच आहे, त्याला पळवायला थोडक्यात भागते.

या हुलकावणीला गणितात जागा मिळाली ती विसाव्या शतकात. फ्रान्समध्ये एमिल बोरेल यांनी १९२१ पासून अशा खेळांवर लिहिले. १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमान यांनी सिद्ध केले, की एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या खेळात, समोरच्याला कळली तरी ज्यामुळे आपले ठराविक मर्यादेपलीकडे नुकसान होत नाही, अशी खेळण्याची रीत असते. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचा विचार केला. हूल द्यायची ती सर्वांत वाईट पानांवर, मध्यम पानांवर नव्हे. कारण मध्यम पाने उघडल्यावर जिंकूही शकतात. शिवाय जो कधीच हूल देत नाही, त्याच्या चांगल्या पानांवर कोणी पैसे लावत नाही. आपल्या सावध गड्याचा हा दुसरा तोटा.

पण आपली युक्तीही कायमची नाही. त्याने ती ओळखली आणि हलक्या पानांवरही तो टिकू लागला, की आपलेच चिंचोके संपू लागतात. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. पोकरच्या या प्रकारात रक्कम लावण्यावर मर्यादा नव्हती आणि १,२०,००० डाव झाले. तिचा भर समोरच्याच्या चुका शोधण्यावर नव्हता. खेळाडूंनी दिवसा आपल्यातली जी फट शोधली, ती ती रात्री बुजवत असे.

वर्गात दोन मुलांना चिंचोके देऊन चाळीस डाव खेळवा. एकाला जपून खेळायला सांगा, दुसऱ्याला वरची युक्ती गुपचूप सांगा. मग दोघांनाही मोकळे सोडा आणि पहिला कितव्या डावाला आपली रीत बदलतो, ते फळ्यावर नोंदवा.