उलटा प्रश्न विचारला तर काय करायचं?

मागच्या महिन्यात कंपनीनं आम्हा पंधरा जणांना पुण्यात एका हॉटेलात दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. विषय लीडरशिप आणि कम्युनिकेशन स्किल्स. शिकवणारे सर चांगले होते. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला, त्याला नावानं हाक मारा, आधी कौतुक करा मग चूक सांगा, सगळं व्यवस्थित शिकवलं. सर्टिफिकेट मिळालं, ग्रुप फोटो झाला.

माळेगावला घरी आलो. जेवताना आण्णांनी विचारलं, "काय काय शिकवलं रं?" मी सगळं सांगितलं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरंय. आन् माणसानं उभं राहून उलटा प्रश्न विचारला तर काय करायचं, ते शिकवलं का?"

ते शिकवलं नव्हतं.

आण्णा कारखान्याचे सभासद. वार्षिक सभेला शिवनगरला जाणं म्हणजे त्यांच्यासाठी सण चुकवता येतो पण हे नाही, असा प्रकार. मॅनेजमेंटचं एकही पुस्तक न वाचलेल्या माणसानं दोन दिवसांच्या ट्रेनिंगमधली नेमकी फट दाखवली, म्हणून विचार करत बसलो. ही पोस्ट त्यातून आलीय. थोडी लांब आहे, पण वाचा.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण आपल्याकडं सगळं तिथूनच सुरू होतं.

1880 च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहू लागला. कालवा आला तसं भांडणही आलं. पाणी कुणाला, किती, कधी? वरच्याला भरपूर, शेपटाकडच्याला ठणठणाट. कालव्याजवळच्या जमिनी जास्त पाण्यानं चिबाडायच्या आणि पुढची गावं वाट बघत बसायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात विश्वेश्वरय्या नावाचे इंजिनिअर होते. हो, तेच, ज्यांच्या जन्मदिवशी आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो. त्यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत पुढं आणली. जमिनीचे ब्लॉक पाडायचे, त्यातल्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस, बाकी जमिनीत दुसरी पिकं, आणि त्याला काही वर्षांची पाण्याची हमी.

ही पद्धत आपण इंजिनिअरिंग म्हणून वाचतो. मला ती माणसं चालवण्याची पद्धत वाटते. पाणी तेवढंच होतं, पण "मला किती मिळणार आणि कधीपर्यंत" हे शेतकऱ्याला लागणीच्या आधी कळायला लागलं. निर्णय सरकारचाच होता. पण नियम आधी सांगितलेला होता, पाटकऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. पहिली पायरी ही.

दुसरी पायरी खासगी कारखान्याची. 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला, वालचंदनगर वसलं. हजारो एकर शेती कंपनीच्या हाताखाली. काम शिस्तीत, रस्ते सरळ, भोंगा वेळेवर. यंत्रं तर अशी बनली की पुढं देशाला उपयोगी पडली, ते श्रेय द्यायलाच हवं. पण तिथं मॅनेजरला शेतकऱ्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती. मालक एक, हुकूम एक. खाली ज्याला सांगायचं तो पगारी माणूस किंवा जमिनीचा खंड घेणारा. त्यानं उलटा प्रश्न विचारायचा कुठं? तशी जागाच नव्हती.

तिसरी पायरी सहकाराची. इथं गोष्ट बदलते.

1950 च्या अखेरीस नगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेअर गोळा केले, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते पहिल्या अध्यक्षांबद्दल. ते होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक, नामवंत अर्थशास्त्रज्ञ, पुढं 1967 मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेले. शाळा फारशी न शिकलेले विखे पाटील उपाध्यक्ष आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक अध्यक्ष. ही जोडी सुमारे दहा वर्षं टिकली.

विचार करा, हे का जमलं असेल? गाडगीळांकडं हिशोब होता, पण शेतकऱ्याचा विश्वास विखे पाटलांकडं होता. विखे पाटलांकडं विश्वास होता, पण बँकेपुढं आणि सरकारपुढं मांडायचा कागद गाडगीळांकडं होता. दोघांनाही एकमेकांची भाषा शिकावी लागली असणार. आणि दोघांच्याही समोर बसलेला माणूस नोकर नव्हता. तो शेअर घेतलेला मालक होता, ऊस घालणारा पुरवठादार होता आणि मत देणारा मतदारही होता. तीन टोप्या एकाच डोक्यावर. अशा माणसाला "तुला काय कळतंय" म्हणता येत नाही.

पन्नास-साठच्या दशकांत ही लाट आपल्याकडं आली. माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वर. एकाच कालव्याच्या पाण्यावर वाढलेले तीन सहकारी कारखाने शेजारी शेजारी. त्यामुळं एक गंमत झाली. शेजारच्या कारखान्यानं किती दर दिला हे संध्याकाळपर्यंत पारावर कळायचं. आजही कळतं, फक्त पार व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. लपवायला जागा नाही. म्हणून इथला मॅनेजर, मग तो कार्यकारी संचालक असो की शेतकी अधिकारी, बोलायला शिकला तो ट्रेनिंगमुळं नाही. न बोलून चालत नव्हतं म्हणून शिकला.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, म्हणजे मी काय म्हणतोय ते आकड्यात दिसेल.

2024-25 च्या हंगामाला केंद्रानं एफआरपी जाहीर केली, क्विंटलला 340 रुपये, 10.25 टक्के उताऱ्याला. म्हणजे टनाला 3400. पेपरात मथळा आला, टीव्हीवर पट्टी आली. उतारा त्यावर प्रत्येक 0.1 टक्का वाढला की टनाला 33 रुपये 20 पैसे जास्त. समजा एखाद्या कारखान्याचा उतारा 11.25 टक्के धरला. म्हणजे दहा टप्पे वर, 332 रुपये. झाले 3732. आता यातून तोडणी-वाहतूक वजा होते. उदाहरणासाठी 850 रुपये धरा. हातात किती? 2882.

शेतकऱ्यानं पेपरात 3400 वाचलेत. उतारा चांगला म्हणून त्याच्या डोक्यात 3700 आहेत. खात्यावर त्याहून आठशे-साडेआठशे कमी पडले.

हाच आकडा हंगामाच्या आधी गावात बसून, फळ्यावर खडूनं मांडून सांगितला, तर तो हिशोब असतो. तोडणी-वाहतुकीत साडेआठशे कसे गेले, लांबून आलेल्या उसाचा खर्च जवळच्यानं का भरायचा, यावर तासभर भांडण होईल. होऊ दे. पण तोच आकडा काहीही न सांगता खात्यावर टाकला, तर ती चोरी वाटते. रुपये तेच, कारखाना तोच, फक्त सांगण्याची वेळ चुकली.

कायद्यानंही हे ओळखलंय. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज द्या, असं त्यात लिहिलंय. सगळीकडं सगळे वेळेवर सांगत आणि देत असते तर हे लिहायची वेळच आली नसती.

आणि संवाद एकतर्फी नसतो, हेही उसानंच शिकवलंय. तुटलेला ऊस जितका उशिरा गव्हाणीत पडेल तितका उतारा घसरतो. ऊस कुठं तुटून पडलाय, कुठली गाडी अडकलीय, कुठल्या टोळीतली निम्मी माणसं गावाकडं गेलीत, हे आधी कुणाला कळतं? चिटबॉयला. केबिनमधल्या साहेबाला नाही. ज्या कारखान्यात चिटबॉयचा फोन साहेब उचलतो, तिथं तो 0.1 टक्का वाचायची शक्यता असते. तो 0.1 टक्का म्हणजे टनाला 33 रुपये. ऐकून घेण्याला इतकी सरळ किंमत लावलेला दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

आता दुसरी बाजू. नाहीतर म्हणाल, हा नुसते सहकाराचे गोडवे गातोय.

राज्यभरातल्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आपण बघितल्यात. विषय एक, वाचला, मंजूर. विषय दोन, मंजूर. मंजूर, मंजूर, राष्ट्रगीत. अहवाल जाडजूड, छपाई गुळगुळीत, पण घरी उघडून बघणारा शंभरात एखादा. प्रश्न विचारायला उठलेल्या माणसाचा माइक बंद पडणं हा तर महाराष्ट्राचा जुना तांत्रिक बिघाड आहे. सभेत बोलू दिलं नाही तर माणूस गप्प बसतो असं वरच्यांना वाटतं. माणूस गप्प बसत नाही, तो मतपेटीची वाट बघतो.

माळेगावचाच इतिहास बघा. 2015 मध्ये सभासदांनी सत्ता बदलली, चंद्रराव तावरे आणि रंजन तावरे यांच्या पॅनलकडं दिली. 2020 मध्ये पुन्हा बदलली, नीलकंठेश्वर पॅनल आलं. जून 2025 मध्ये तर राज्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार स्वतः ब वर्गातून उभे राहिले, अध्यक्ष मीच होणार असं प्रचारातच सांगून. एकोणीस हजारांहून जास्त मतदार. 21 पैकी 20 जागा त्यांच्या पॅनलला, एक चंद्रराव तावरेंना. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही, गावात राहायचंय. पण एक गोष्ट बघा. राज्याचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या माणसालाही इथं गावोगाव जाऊन दराचं, उताऱ्याचं, काट्याचं बोलावं लागलं. कारण समोरच्याच्या हातात मत होतं.

आणि ज्याच्या हातात मत नाही, त्याचं काय?

बीडकडून कोयता घेऊन येणारं जोडपं. पहाटे फडात, रात्री पालात. त्यांचा दर राज्य पातळीवर लवादात ठरतो, उचल मुकादम देतो, हिशोब मुकादमाच्या वहीत. त्यांना उभं राहून विचारायला कुठली सभा आहे? ज्या उसाच्या उताऱ्यावर आपण दशांश चिन्हापर्यंत भांडतो, तो तोडणाऱ्याला स्वतःच्या उचलीतले किती फिटले हे पट्टा पडेपर्यंत नीट माहीत नसतं. म्हणजे आपल्या पट्ट्यानं बोलायला शिकवलं खरं, पण ज्याला मत आहे त्याच्याशीच. हे मान्य केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

इथं मला आण्णांचा प्रश्न परत आठवला, आणि तो माझ्या अंगावर आला.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्ट सांभाळतो. माझ्या हाताखाली 42 माणसं, त्यातली 29 कंत्राटी. त्यांच्याकडं शेअर नाही, मत नाही, सभा नाही. मी दिवाळीआधी सलग तीन रविवार कामावर बोलावलं होतं. सांगितलं, ऑर्डर आहे, यावं लागेल. कुणी काही बोललं नाही. मी घरी येऊन म्हणालो होतो, "माझी टीम लय चांगलीय, एक शब्द बोलत नाही." ते गप्प होते, आणि मी त्याला मंजूर समजलो. कारखान्याच्या सभेला नावं ठेवतो आणि स्वतः रोज सकाळी साडेसहाला तीच सभा घेतो.

मालक नसलेल्या माणसाला उलटा प्रश्न विचारायचा हक्क कायदा देत नसेल, तर तो मॅनेजरनं द्यायचा असतो. ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं, कारण हे स्किल नाही. यात आपलं काहीतरी जातं.

सोमवारी फळा मागवला. त्यावर लिहिलं: ऑर्डर किती नगांची, गाडी कधी निघणार, रविवारी का यायचं, ओव्हरटाइम किती तासांचा आणि कुठल्या दरानं. मग विचारलं, कुणाला काही विचारायचंय? बराच वेळ कुणी नाही. मग मागून एक कंत्राटी पोरगा म्हणाला, "सर, दर लिहिलाय, पण मागच्या तीन रविवारचे पैसे अजून आले नाहीत. ते कधी?"

मला माहीतच नव्हतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही. गुरुवारी याच फळ्यावर लिहितो."

बुधवारी दिवसभर ठेकेदाराच्या आणि अकाउंट्सच्या मागं लागलो. गुरुवारी फळ्यावर दोन रविवारांची तारीख लिहिता आली. तिसऱ्या रविवारचे तास ठेकेदारानं धरलेच नव्हते, तेही तसंच लिहिलं. पोरं फळ्यापुढं उभी राहून वाचत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं तेवढं विचारलं, "मग तिसऱ्याचं काय, सर?"

घरी आण्णांना सांगितलं. म्हणाले, "आता कुठं सभा सुरू झाली."

तुमच्या कंपनीत, शाळेत, पतसंस्थेत, सोसायटीत शेवटचा उलटा प्रश्न कुणी आणि कधी विचारला होता? आठवत असेल तर खाली लिहा. आठवत नसेल, तर तेही लिहा.