शेवाळावरचं शेवाळ



आज आपण समुद्रातल्या एका अगदी बारीक वनस्पतीची गोष्ट ऐकणार आहोत. रंग तपकिरी, अंग केसासारखं, आणि बऱ्याचदा मुक्काम दुसऱ्या शेवाळाच्या अंगावर. शास्त्रात तिचं नाव एक्टोकार्पस. हे नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. आपण तिला शेवाळावरचं शेवाळ म्हणू.

आपल्या गडबकडे खाडीचं पाणी गढूळ आणि तळाला चिखल. उघाडीच्या फळ्यांवर आणि बांधाच्या दगडांवर हिरवा बुळबुळीत थर आपण रोज पाहतो. समुद्रातल्या तपकिरी शेवाळांना मात्र खडक आणि उजेड पोचेल असं पाणी लागतं. त्यासाठी अलिबाग, कोर्लई, मुरूडकडे जायचं, पावसाळा सरल्यावर, मोठ्या ओहोटीला. तिथे खडकांवरच्या मोठ्या शेवाळांना नीट निरखलं, तर कुठे कुठे बारीक तंतूंचे झुपके चिकटलेले दिसतात. एक्टोकार्पस आणि तिच्यासारखी बारीक तपकिरी शेवाळं अशीच वाढतात.

आता कुणी म्हणेल, म्हणजे हे बांडगूळच की! तसं नाही. आंब्यावरचं बांडगूळ फांदीत मूळ घुसवून आंब्याचा रस पितं. त्याच आंब्यावर अमरीही वाढते, पण ती झाडाकडे फक्त बसायला जागा मागते. एक्टोकार्पस अमरीच्या जातीची. स्वतःचं अन्न ती स्वतः उजेडावर तयार करते. जागा मिळाली की झालं, मग ते शेवाळ असो, खडक असो, दोर असो की होडीचा तळ. झुपके फार वाढले तर खालच्या शेवाळाचा उजेड अडतो, लाटेचा ओढाही वाढतो. त्रास होतो तो असा.

या बारीक तंतूला एक्टोकार्पस हे नाव मिळालं १८१९ मध्ये. देणारे होते डेन्मार्कचे एक धर्मगुरू, लुंगब्यू. नावाचा अर्थ ‘बाहेर फळ असलेली’. तिच्या बीजाच्या पिशव्या तंतूच्या बाहेरच्या बाजूला लागतात, म्हणून. पुस्तकावर नाव धर्मगुरूंचं आणि प्राध्यापकांचं असे. पण त्या काळी किनाऱ्यावर वाकून शेवाळं शोधण्याचं बरंच काम बायका करत होत्या.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचं गाव आहे. तिथे अमेलिया ग्रिफिथ्स राहत. नवरा लवकर वारला, पदरात पाच मुलं. त्या ओहोटीला खडकांवर जात, शेवाळं गोळा करत, कागदावर दाबून वाळवत आणि मोठमोठ्या अभ्यासकांना पाठवत. स्वतःच्या नावाने त्यांनी पुस्तक काढलं नाही. तरी १८१७ मध्ये स्वीडनच्या आगार्ड यांनी लाल शेवाळांच्या एका गटाला ‘ग्रिफिथ्सिया’ असं नाव दिलं. हार्वी यांनी ब्रिटनच्या शेवाळांवरचा आपला ग्रंथ त्यांनाच अर्पण केला.

मैत्रिणींनो, आम्हाला जास्त भावली ती मेरी वायट. ही बाई आधी ग्रिफिथ्सबाईंच्या घरी कामाला होती. त्यांच्याकडून शेवाळं ओळखायला शिकली आणि पुढे टॉर्कीत तिने स्वतःचं दुकान चालवलं. १८३० च्या दशकात तिने खऱ्या वाळवलेल्या शेवाळांची पुस्तकं विकायला काढली. प्रत्येक पानावर एक नमुना, त्याखाली नाव. कारखाना नाही, यंत्र नाही, होती ती हाताची सफाई आणि डोळ्याची ओळख. आज आपण ज्याला घरगुती उद्योग म्हणतो, तोच हा.

मग आल्या ॲना ॲटकिन्स. हार्वींच्या ग्रंथात चित्रं नव्हती, नुसती वर्णनं. केसाएवढा तंतू वर्णनावरून ओळखायचा कसा? ॲनाबाईंनी औषध लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवलं, वर काच ठेवली आणि कागद उन्हात मांडला. नंतर तो पाण्याने धुतला, की निळ्या कागदावर शेवाळाची पांढरी आकृती उमटे. पुढे घराचे नि पुलांचे नकाशे निळ्या कागदावर छापत, ते याच रीतीने. १८४३ मध्ये त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग निघाला आणि १८५३ पर्यंत काम चालू राहिलं. फोटोच्या रीतीने चित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्याची गणना होते. त्यात एक्टोकार्पसचीही पानं आहेत. पापडासारखं उन्हात ठेवून एका बाईने या तंतूला पुस्तकात बसवलं!

आपल्या किनाऱ्याची अशी नोंद व्हायला आणखी बराच काळ गेला. १९२७-२८ च्या हिवाळ्यात डेन्मार्कचेच बोर्गेसेन नावाचे अभ्यासक हिंदुस्थानात आले. मुंबईच्या खडकांवरून त्यांनी शेवाळं गोळा केली. १९३० आणि १९३२ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्याच्या हिरव्या आणि तपकिरी शेवाळांवर लेख लिहिले आणि १९३५ मध्ये मुंबईच्या शेवाळांची यादी छापली. पुढे एला गोन्साल्विस यांनी डी. बी. जोशी यांच्याबरोबर मुंबईजवळच्या गोड्या पाण्यातल्या शेवाळांवर १९४६ मध्ये लिहिलं. १९६६ मध्ये मिश्र यांचा भारतातल्या तपकिरी शेवाळांवरचा ग्रंथ दिल्लीहून निघाला.

जग या बारीक तंतूकडे वळलं ते मात्र पैशाच्या कारणाने. जहाजाच्या तळाला शेवाळ चिकटलं की वेग कमी होतो, इंधन जास्त जळतं. म्हणून तळाला तांबं घातलेला रंग देतात, तांब्याच्या विषाने शेवाळ मरतं. एक्टोकार्पस मात्र त्या रंगावरही वाढे. तिच्यात तांबं सोसण्याची ताकद असते, हे १९७० मध्ये छापून आलं. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्या पेशीतली सगळी जनुकं वाचून काढली. सुमारे सोळा हजार निघाली. तपकिरी शेवाळांमध्ये हा मान सर्वांत आधी मिळाला तो या चिमुकलीला.

आता आपल्या कामाचं बोलू. शेवाळाची शेती हा शब्द हल्ली बचत गटांच्या बैठकीत ऐकू येतो. तमिळनाडूत रामेश्वरम, मंडपमच्या किनाऱ्यावर बायकांचे गट कप्पाफायकस नावाचं शेवाळ दोरांवर आणि बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात. साधारण पंचेचाळीस दिवसांत पीक काढणीला येतं. त्यातून निघणारा घट्टपणा आणणारा पदार्थ आइस्क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्ये जातो. या पिकाचं तण म्हणजे त्यावर बसणारी बारीक शेवाळं, काही लाल, काही तपकिरी. भातखाचरात बेणणी चुकली की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. दोर हातानेच साफ करावे लागतात. तण वेळेत ओळखलं नाही, तर पीक हातचं जातं.

म्हणून कुणी योजना घेऊन आलं, तर रोपं किती आणि अनुदान किती, एवढंच विचारून थांबू नका. इथलं पाणी किती खारं, पावसात किती गोडं होतं, गाळ किती, दोरांवर काय चढतं आणि ते साफ करायला रोज किती बाया लागतील, हेही विचारा. त्या मजुरीचा हिशेब कागदावर मांडायला लावा.

आणि आपली वहीही ठेवा. तिथी, भरती-ओहोटी, पाण्याचा रंग, उघाडीवर आणि होडीच्या तळाला काय वाढलं, चिंबोऱ्या, कोलंबी किती मिळाली. खाडीत उतरणाऱ्या आपल्या आज्यांना हे सगळं तोंडपाठ होतं. ते लिहिलं गेलं नाही, म्हणून खाडी बदलली असं आज आपण म्हणतो, तेव्हा पुरावा मागितला जातो. मेरी वायटच्या हातचे कागद तिच्या मागे उरले. आपल्या गटाची वहीही आपल्या लेकीसुनांसाठी उरू दे.