हितचिंतक सल्लागार (शोकात्मिकेतील पात्र)

नायकाचे भले व्हावे एवढ्याच हेतूने सल्ला देणारे, पण ज्याचा सल्ला मानल्यामुळे किंवा झिडकारल्यामुळे अनर्थ ओढवतो असे पात्र. मराठी रंगभूमीवर त्याचे सर्वांत हृद्य रूप म्हणजे नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांच्या (१९१२–९९) ‘नटसम्राट’मधील कावेरी.

या पात्राचा जगप्रसिद्ध नमुना शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला धर्मगुरू लॉरेन्स. दोन घराण्यांचे वैर मिटेल या आशेने तो प्रेमिकांचे गुप्तपणे लग्न लावतो. पुढे ज्युलिएटवर दुसरे लग्न लादले जाते, तेव्हा तो तिला बेचाळीस तास मृतवत ठेवणारे औषध देतो. बेत कळवणारे पत्र नेणारा धर्मबंधू प्लेगच्या संशयावरून कोंडला जातो आणि दूर मांटुआ शहरात असलेल्या रोमिओला कळते ते फक्त ज्युलिएटच्या मरणाचे. पत्र अडकले हा दैवाचा भाग म्हणता येईल. लॉरेन्सचा खरा दोष त्यानंतरचा आहे. ज्युलिएट जागी होते, शेजारी रोमिओचे प्रेत असते, आणि पहारेकऱ्यांची चाहूल लागताच हा भला माणूस तिला तिथे एकटी सोडून निघून जातो. नंतर तो सारे कबूल करतो. तिथला अधिपतीही त्याला दोष देत नाही. प्रेक्षकाने इतके उदार व्हावे असे मात्र वाटत नाही.

‘किंग लिअर’मधला केंट याच्या उलट. राज्य वाटून टाकू नका, असे तो भर दरबारात सांगतो आणि हद्दपार होतो. तरीही वेष पालटून तो त्याच राजाच्या चाकरीत परत येतो.

शिरवाडकरांनी ‘ऑथेल्लो’चे मराठी रूपांतर केले होते, ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिले होते. ‘नटसम्राट’ची प्रेरणा ‘लिअर’ असली तरी तिथे त्यांनी मूळ नाटकात नसलेली एक जागा भरली. शेक्सपिअरच्या लिअरला राणी नाही. ‘नटसम्राट’च्या नायकाला, गणपतराव बेलवलकरांना, पत्नी कावेरी आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी द गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगमंचावर आणले. बेलवलकर झालेल्या श्रीराम लागूंसमोर कावेरीची भूमिका शांता जोग यांनी केली. १९७४ मध्ये या नाटकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आयुष्यभराची कमाई मुलांच्या स्वाधीन करताना स्वतःसाठी काही राखून ठेवावे, हे शहाणपण कावेरीकडे आहे. बेलवलकर तिला कौतुकाने ‘सरकार’ म्हणतात, पण या घरात अखेरचा शब्द त्यांचाच चालतो. त्यामुळे पुढच्या परवडीची जबाबदारी तिच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. ती आणखी हट्टाने का अडली नाही, हा प्रश्न मनात येतो. त्या पिढीतल्या गृहिणीला असे अडण्याचा हक्क कोणी दिला होता, हे त्याआधी विचारायला हवे. मुलाच्या घरी अपमान होतो, मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो. आपले ऐकले नाही म्हणून ती नवऱ्याची साथ सोडत नाही. लॉरेन्स थडग्यातून निघून गेला. कावेरी अखेरच्या श्वासापर्यंत बेलवलकरांबरोबर राहिली.