माइंडफुलनेस: चिंता आणि नैराश्य असलेल्या महाविद्यालयीन मुलांना त्याचा कितपत उपयोग होतो?

परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींच्या तक्रारी जवळपास सारख्याच असतात. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, झोप लागत नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही. ईसीजी बहुतेक वेळा नॉर्मल येतो. मग सोबत आलेले आईवडील विचारतात, "डॉक्टर, याला ध्यान करायला सांगू का? मोबाइलवर त्याची ॲप असतात म्हणे."

जरूर सांगा. पण ध्यानाने काय साधते आणि कोणासाठी तेवढे पुरत नाही, हे आधी समजून घ्या. हाच चांगला सल्ला चुकीच्या वेळी दिला, तर उपचाराला उशीर होतो.

माइंडफुलनेस म्हणजे काय?

आपला श्वास, शरीर, विचार आणि भावना यांत आत्ता जे चालले आहे, त्याकडे चांगले-वाईट न ठरवता लक्ष देणे म्हणजे माइंडफुलनेस. मराठीत याला सजगता म्हणतात. याचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी यावर आधारित आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात धार्मिक विधी काहीच नव्हता. नैराश्यातून बरे झालेल्यांना ते पुन्हा उलटू नये, यासाठीही पुढे अशीच उपचारपद्धती तयार झाली.

ध्यानात मन रिकामे व्हायला हवे, असे अनेकांना वाटते आणि दोन दिवसांत "मला जमत नाही" म्हणून ते सोडून देतात. विचार येणारच. ते आलेले कळणे, हाच सराव आहे.

मनात नेमके काय बदलते?

समजा, एका विषयात तुमची केटी लागली. ही झाली घटना. त्यापाठोपाठ मनात येते, "आता प्लेसमेंट गेलीच", "घरच्यांचे पैसे वाया घालवले", "माझ्याच्याने काही होणार नाही". हे तिन्ही विचार आहेत. शरीर मात्र ते खरे घडल्यासारखेच वागते. नाडी वाढते, श्वास उथळ होतो, पोट ढवळते. मग ही लक्षणे पाहून आणखी भीती वाटते. चिंतेत हे चक्र उद्याभोवती फिरते. नैराश्यात ते बहुधा झालेल्या चुकांभोवती फिरते.

सरावाने "माझे काही होणार नाही" आणि "माझे काही होणार नाही असा विचार मनात आला आहे" यांतला फरक कळू लागतो. केटी तशीच राहते, पण त्या विचारात दोन तास बुडून जाण्याऐवजी पुस्तकाकडे परत येता येते.

अभ्यासांतून काय दिसले?

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला. विद्यापीठाची नेहमीची मदत सर्वांनाच उपलब्ध होती. त्यातील निम्म्यांना शिवाय आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस अभ्यासक्रम दिला. परीक्षेच्या काळात तपासले, तेव्हा फक्त नेहमीची मदत असलेल्या गटात ५७ टक्के विद्यार्थ्यांचा मानसिक त्रास चिंताजनक पातळीच्या वर होता. अभ्यासक्रम केलेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होते. मात्र तीव्र चिंता, तीव्र नैराश्य किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्या विद्यार्थ्यांना या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे हे आकडे सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांना लागू पडतात.

अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चिंताविकार असलेले २७६ प्रौढ होते. त्यांच्यात आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम हा एस्सिटॅलोप्रॅम या औषधाइतकाच उपयोगी ठरला. ही बातमी वाचून कोणी गोळ्या बंद करू नयेत. त्या लोकांनी दर आठवड्याला शिक्षकासमोर अडीच तास आणि घरी रोज पाऊण तास सराव केला होता. ॲपवर कधीतरी केलेल्या दहा मिनिटांशी त्याची तुलना होत नाही.

सुरुवात कशी करावी?

१. रोजची एक वेळ ठरवा. हॉस्टेलवर सकाळी इतर मुले उठण्यापूर्वीची वेळ बरी. फोन फ्लाइट मोडवर टाकून दहा मिनिटांचा टायमर लावा.

२. खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेला पाठ ताठ, पण सैल ठेवून बसा. पाय जमिनीला टेकवा. डोळे मिटा किंवा नजर खाली ठेवा. आडवे झालात तर झोप लागेल.

३. श्वास नाकपुड्यांशी किंवा पोटाशी जिथे स्पष्ट जाणवतो, तिथे लक्ष ठेवा. तो मुद्दाम खोल किंवा लांब करू नका.

४. मन सबमिशनकडे किंवा कालच्या भांडणाकडे गेले, की मनात "विचार" एवढेच म्हणा आणि श्वासाकडे परत या. दहा मिनिटांत पन्नास वेळा असे झाले तरी चालेल.

५. श्वासाकडे लक्ष दिल्यावर धडधड वाढत असेल, तर डोळे उघडा. तळव्यांना होणारा जमिनीचा स्पर्श किंवा पंख्याचा आवाज यांकडे लक्ष द्या. पॅनिक अटॅक येऊन गेलेल्यांना हे अधिक सोपे जाते.

व्हायवाआधी किंवा परीक्षा हॉलबाहेर तीन मिनिटांचा सराव करता येतो. पहिल्या मिनिटात आत काय चालले आहे ते पाहा: भीती आहे, हात गार पडले आहेत. दुसऱ्या मिनिटात फक्त श्वास. तिसऱ्या मिनिटात डोक्यापासून पायापर्यंत सगळे शरीर. मात्र रोजचा सराव नसेल, तर ऐनवेळी याचा फारसा उपयोग होत नाही. निदान आठ आठवडे करून पाहा आणि मगच मत बनवा.

फक्त ध्यानावर कधी थांबू नये?

पुढीलपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.

- दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटणे किंवा कशातच रस न वाटणे.
- वर्गात, मेसमध्ये जाणे बंद होणे, आंघोळ-जेवण टळू लागणे, वजन किंवा झोप यांत मोठा बदल होणे.
- वारंवार पॅनिक अटॅक येणे.
- झोपेची गरज अचानक कमी होऊन खूप उत्साह, बडबड किंवा बेसुमार खर्च सुरू होणे. कोणी नसताना आवाज ऐकू येणे.
- दारू किंवा इतर नशेचा आधार घ्यावा लागणे.
- "जगून उपयोग नाही" असे वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे. यासाठी त्याच दिवशी मदत घ्या.

तीव्र नैराश्यात लक्ष एकाग्र होत नाही आणि डोळे मिटून एकटे बसल्यावर तेच विचार अधिक जोराने येऊ शकतात. मग ध्यानही जमले नाही म्हणून मूल स्वतःलाच दोष देते. अशा वेळी आधी उपचार, रोजचे थोडे चालणे आणि माणसांत राहणे महत्त्वाचे. थोडे बरे वाटल्यावर ध्यान सुरू करता येते. पूर्वी अत्याचार किंवा अपघात सोसलेल्यांना सरावात जुन्या आठवणी उसळून येऊ शकतात. त्यांनी तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.

मुलाला बरे वाटावे म्हणून काही पालक त्याला थेट इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पाठवतात. तिथे रोज अनेक तास मौनात बसायचे असते. हे शिबिर वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी ते योग्य नाही, असे विपश्यना केंद्रेही सांगतात. अर्जात आजार आणि औषधे लपवू नका.

तपासण्या आणि औषधे

थायरॉइडचा विकार, रक्तक्षय आणि बी-१२ ची कमतरता यांतही थकवा, धडधड किंवा उदासी जाणवते. त्यामुळे डॉक्टर या तपासण्या सांगू शकतात. चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक आणि तंबाखू किती घेता, हे खरे सांगा.

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पंचविशीच्या आतील काही रुग्णांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून या काळात घरच्यांनी रोज विचारपूस करावी आणि बदल जाणवल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. बरे वाटले किंवा ध्यान छान जमू लागले म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. औषध कमी कसे करायचे, हे डॉक्टर ठरवतात.

घरच्यांसाठी

"जरा ध्यान कर, सगळे ठीक होईल" हे प्रेमाने म्हटले, तरी मुलाला ते "तुझा त्रास खरा नाही" असे ऐकू येते. आधी त्याचे ऐका. फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" याआधी "झोप लागते का? जेवतोस का?" हे विचारा. शक्य असेल, तर दहा मिनिटे तुम्हीही सोबत बसा.

शंका आली, तर थेट विचारा, "मरून जावे असे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल, तर रागावू नका. मुलाला एकटे सोडू नका, कीटकनाशके आणि औषधांचा साठा कुलूपबंद करा आणि लगेच जवळचे रुग्णालय गाठा. मूल हॉस्टेलवर असेल, तर तुम्ही पोहोचेपर्यंत रूममेटला किंवा वॉर्डनला त्याच्याजवळ थांबायला सांगा.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. विद्यार्थी स्वतः फोन करू शकतो, पालक किंवा मित्रही करू शकतात. जिवाला धोका वाटत असेल, तर ११२ वर फोन करा. हे दोन्ही क्रमांक आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.