धुळे तुरुंगातील अठरा रविवार
🧵
१/
सन १९३२. जानेवारीत गांधीजींना अटक झाली आणि सविनय कायदेभंगाच्या दुसऱ्या पर्वात देशभरचे तुरुंग भरू लागले. पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण असलेल्या धुळ्याच्या तुरुंगात त्या वर्षी दोन माणसे एकत्र आली : विनोबा भावे आणि साने गुरुजी.

२/
रविवार, २१ फेब्रुवारी. विनोबांनी सहबंद्यांसमोर गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. पुढे दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा अध्याय संपला. अठरा अध्याय, सलग अठरा रविवार; एकही खंड नाही.

३/
या प्रवचनांमागची तयारी फार जुनी होती. संस्कृत गीता कळत नाही, ही आईची अडचण विनोबांच्या मनात घर करून होती. आई १९१८ मध्ये गेली. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी 'गीताई' रचण्यास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली. सातशे श्लोक मराठीत उतरवलेल्या माणसाला विषय नव्याने जुळवावा लागणार नव्हता. प्रश्न होता तो श्रोत्यांचा.

४/
समोर पंडितांची सभा नव्हती. घरदार मागे ठेवून आलेले कार्यकर्ते होते. म्हणून विनोबांनी पाठभेद आणि भाष्यकारांचे वाद बाजूला ठेवले व रोजच्या जगण्यातले दाखले घेतले. दहाव्या अध्यायाचे उदाहरण पाहा. मुलाला आधी मोठी अक्षरे शिकवतात, मग लहान. आधी साधी, मग जोडाक्षरे. ईश्वराची ओळखही तशीच, आधी सोप्या रूपांत आणि मग अवघड रूपांत. विभूतियोगासारखा विषय पाटी-पेन्सिलीच्या पातळीवर आला, तरी उथळ झाला नाही.

५/
पण बोललेला शब्द हवेत विरतो. बंद्यांची बदली वा सुटका झाली की श्रोतेही पांगणार. तेथे ध्वनिमुद्रण कुठले? होती ती साने गुरुजींची लेखणी. पूर्व खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेला, १९३० मध्ये नोकरी सोडून चळवळीत उतरलेला हा शिक्षक वक्त्याच्या वेगाने लिहीत गेला.

६/
त्या टिपणांतून 'गीता प्रवचने' हे पुस्तक उभे राहिले आणि पुढे अनेक भारतीय भाषांत गेले. गुरुजींनी स्वतः १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, 'श्यामची आई' लिहिली. एका ग्रंथामागे विनोबांची आई, दुसऱ्यात श्यामची; दोन्ही तुरुंगातले.

७/
उत्तम वक्तृत्वाचे श्रेय आपण बहुधा बोलणाऱ्यालाच देतो. धुळ्याची हकिगत निराळे सांगते. विनोबांनी श्रोत्यांना ओळखून बोलण्याची वाट शोधली. साने गुरुजींनी ऐकण्याचे काम तितक्याच निष्ठेने केले. त्या अठरा रविवारी गुरुजींची लेखणी थांबली असती, तर प्रवचने तुरुंगाच्या भिंतीआडच राहिली असती.